आहुपे : जिथं शेत बांधावर संपत नाही

पुणे जिल्ह्याचा नकाशा समोर घ्या, दोस्तांनो. आता बोट उत्तरेकडच्या भागात नेऊन डाव्या हाताला सरकवा. पुणे जिल्ह्याची हद्द जिथं ठाणे जिल्ह्याला भिडते, तिथं आंबेगाव तालुक्याच्या अगदी टोकाला एक गाव आहे : आहुपे. नकाशात नाव सापडलं नाही, तर घोड नदी शोधा आणि तिच्या प्रवाहाच्या उलट दिशेनं वर वर जा. नदीची रेघ बारीक होत होत ज्या डोंगरांत दिसेनाशी होते, त्याच डोंगरांत आहुपे आहे.

तिथं जायचं तर पुणे-नाशिक रस्ता धरायचा. राजगुरुनगर मागे टाकून मंचरला यायचं आणि डावीकडे वळून घोडेगावला पोचायचं. घोडेगाव हे आंबेगाव तालुक्याचं मुख्य ठिकाण. ‘तालुका आंबेगाव, मग कचेरी घोडेगावला कशी?’ असं कुणी विचारेल. मूळ आंबेगाव आता पाण्याखाली आहे! घोड नदीवर डिंभे धरण बांधलं, त्याच्या पाण्यात ते गेलं. या जलाशयाचं नाव हुतात्मा बाबू गेनू सागर. परदेशी कापडाची मालमोटार अडवताना १२ डिसेंबर १९३० रोजी मुंबईत ज्यांनी प्राण दिले, ते बाबू गेनू याच तालुक्यातल्या महाळुंगे पडवळचे.

डिंभ्यापासून पुढे रस्ता वळणं घेत डोंगरात शिरतो. मंचरच्या बाजूला दिसणारे उसाचे, बटाट्याचे आणि कांद्याचे मळे संपतात. त्यांच्या जागी पायऱ्यापायऱ्यांची भातखाचरं, मधूनच हिरड्याची झाडं आणि कौलारू घरांच्या वाड्या दिसू लागतात. असं करत एस. टी. आहुप्याला येते आणि रस्ता संपतो. पुढं आहे सह्याद्रीचा कडा!

या कड्यावरून पाहिलं, की खाली कोकण पसरलेलं दिसतं. समोर गोरखगड आणि मच्छिंद्रगडाचे सुळके उभे असतात. आपण इतक्या उंचावर असतो की एरवी मान वर करून पाहावे लागणारे हे गड इथून खाली वाकून पाहावे लागतात. कड्याच्या एका बाजूनं आहुपे घाटाची जुनी पायवाट खाली ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात, खोपिवली गावाकडे उतरते. कड्याच्या पलीकडे पडलेला पाऊस उल्हास नदीच्या खोऱ्यातून अरबी समुद्राला मिळतो. आणि अलीकडे पडलेला? तो घोड नदीतून भीमेत, भीमेतून कृष्णेत आणि शेवटी थेट बंगालच्या उपसागरात जातो. चार पावलांच्या फरकानं थेंबाचं नशीब बदलतं.

पण आज आपण कड्यासाठी आलेलो नाही. आपल्याला शेत पाहायचं आहे.

चार महिने पाऊस, आठ महिने वाट

आहुप्यात मुख्यतः महादेव कोळी समाजाची माणसं राहतात. शेती बहुतेकांची थोडी, तीही तुकड्यातुकड्यांत. जवळच्या भीमाशंकरला वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. पुणे शहरात पडतो त्याच्या चौपट! जुलैत इथं चार-चार दिवस सूर्य दिसत नाही. धुकं घरात शिरतं.

एवढा पाऊस म्हटल्यावर शेतीची चंगळ असेल, असं वाटेल. पण गंमत उलटीच आहे. डोंगर उताराचा, खाली काळा कातळ आणि वर मातीचा पातळ थर. पाणी येतं तसं धावत निघून जातं आणि जाताना मातीलाही ओढून नेतं. दिवाळी सरली की ओढे आटायला लागतात. उन्हाळ्यात बायकांना पाण्यासाठी पायपीट करावी लागते. म्हणजे पीक घ्यायचं ते पावसाच्या चार महिन्यांत. उरलेल्या आठ महिन्यांत काय खायचं, याचा हिशेब आधीच करून ठेवायचा.

हा हिशेब एका पिकावर बसत नाही. म्हणूनच आहुप्यातलं शेत नेमकं कुठं सुरू होतं आणि कुठं संपतं, हे सांगणं अवघड आहे. चला, खाचरापासून सुरुवात करू आणि एकेक पायरी वर चढत जाऊ.

पहिली पायरी : खाचर

खाचर म्हणजे चारी बाजूंनी बांध घातलेला, पाणी धरून ठेवणारा जमिनीचा तुकडा. डोंगराच्या उतारावर हे सपाट तुकडे आले कुठून? ते माणसांनी केले. इथं त्या कामाला ‘पडकई’ म्हणतात. उताराच्या खालच्या अंगाला दगडांची ताल रचायची, वरच्या अंगाची माती खोदून खाली ओढायची आणि जागा सपाट करायची. मग दरवर्षी पावसाबरोबर वाहत येणारा गाळ ताल अडवते आणि खाचर हळूहळू भरत जातं. एका माणसाचं हे काम नव्हे. आज माझ्या शेतात सगळे, उद्या तुझ्या शेतात सगळे, अशी सावड करून ते व्हायचं. आज आपल्याला दिसणारी कित्येक खाचरं कुणाच्या तरी आजोबा-पणजोबांनी पाठीवर दगड वाहून केलेली आहेत.

या खाचरात जूनमध्ये रोपं तयार होतात आणि जुलैत भाताची आवणी होते. आवणी म्हणजे रोपं उपटून चिखलात पुन्हा लावणं. वरून पावसाचा मारा, पाठीवर इरलं किंवा प्लॅस्टिकचा कागद, पाय पोटरीपर्यंत चिखलात आणि कंबर दिवसभर वाकलेली. पुढच्या वेळी ताटात भात टाकाल, तेव्हा ही कंबर आठवा!

पण खाचरात फक्त भात नसतो. तिथं खेकडे असतात, बेडूक असतात. पहिल्या पावसात ओढ्यातून उलटे चढून येणारे चढणीचे मासे असतात. बेडूक आणि चतुर पिकावरचे किडे खातात. खेकडे आणि मासे माणसांच्या कालवणात जातात. बांधावर तूर किंवा उडीद टोकलेला असतो. टाकळा, कुर्डू, भारंगी अशा रानभाज्या तर कुणी न पेरताच येतात. कुणी खाचरात जोराचं कीटकनाशक फवारलं, तर किडे मरतील हे खरं. पण बेडूकही मरतील आणि कालवणही जाईल. मोठ्या बागायतदाराच्या हिशेबाच्या वहीत खेकड्याला रकाना नसतो. इथल्या घरात मात्र असतो.

चीनमधल्या छिंगथ्यान या डोंगराळ भागात तर लोक शेकडो वर्षं भाताच्या खाचरात मुद्दाम मासे पाळत आले आहेत. मासे तण आणि किडे खातात, त्यांच्या विष्ठेनं भाताला खत मिळतं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेनं २००५ मध्ये या शेतीला जगाचा शेतीवारसा म्हणून मान दिला. आपल्याकडच्या चढणीच्या माशांची गोष्ट त्यांच्या गोष्टीची चुलत बहीणच म्हणायची.

दुसरी पायरी : वरकस

खाचरांच्या वर, जिथं पाणी थांबूच शकत नाही, त्या उताराच्या जमिनीला वरकस म्हणतात. भाताचं तिथं काम नाही. तिथं नाचणी, वरई आणि खुरासणी. सह्याद्रीत यांचा एक जुना क्रम आहे. एखाद्या तुकड्यात पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरई, तिसऱ्या वर्षी खुरासणी, आणि मग तो तुकडा काही वर्षं पडीक ठेवायचा. जमिनीलाही सुट्टी लागते!

वरई म्हणजे कोण, ओळखलंत का? एकादशीला आणि शिवरात्रीला तुम्ही जी भगर खाता, तीच ही. आपण ती उपासाला खातो. डोंगरातल्या माणसांच्या ती रोजच्या पोटाला असते. नाचणीची तर गोष्टच वेगळी. शंभर ग्रॅम नाचणीत साधारण साडेतीनशे मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. तेवढ्याच पांढऱ्या तांदळात ते जेमतेम दहाच्या आसपास. शिवाय नाचणी कणगीत वर्षानुवर्षं टिकते, तिला सहसा कीड लागत नाही. एखाद्या वर्षी भात बुडाला तरी नाचणीची भाकरी घर सांभाळते. २०२३ हे वर्ष जगभर भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं, तेव्हा शहरातल्या दुकानांत नाचणीची बिस्किटं आली. आहुप्यात ती कधी गेलीच नव्हती.

भाताच्याही किती जाती! आज बहुतेक ठिकाणी इंद्रायणी दिसतो. मावळातल्या वडगावच्या भात संशोधन केंद्रानं तयार केलेली ही जात. चवीला छान, उत्पन्नालाही चांगली. पण जिरवेल, रायभोग अशा जुन्या जातीही या पट्ट्यात होत्या आणि काही घरांनी त्या अजून राखल्या आहेत. कुणी लवकर येणारी, कुणी उशिरा येणारी, कुणी कमी मातीत तग धरणारी. सगळं गाव एकच जात पेरू लागलं आणि त्या जातीला न मानवणारा पाऊस आला, तर? म्हणून जुनं बी हातचं ठेवणं शहाणपणाचं. जुन्नरच्या पलीकडे अकोले तालुक्यात कोंभाळणे गाव आहे. तिथल्या राहीबाई पोपेरे यांनी अशीच गावरान बियाणी घरात जपली, वाढवली आणि वाटली. २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्या कधी शाळेत गेल्या नव्हत्या, पण बियाण्यांच्या शाळेत त्या सगळ्यांच्या बाई आहेत.

तिसरी पायरी : गोठा

आता गोठ्याकडे वळू. भाताचा पेंढा गुरांना जातो. भात कांडल्यावर उरणारा कोंडा आणि कणी कोंबड्यांना जाते. गुरांचं शेण पुन्हा शेताकडे येतं. बैल चिखलणी करतात, गाय दूध देते, आणि अडीअडचणीला शेळी विकून दवाखान्याचं किंवा शाळेचं भागतं. शेळी म्हणजे चार पायांची बँकच. फक्त ती कागद खाते, म्हणून पासबुक लांब ठेवायचं!

उन्हाळ्यात इथं ‘राब’ भाजतात. रोपं करायच्या जागेवर शेण, पालापाचोळा आणि झाडांच्या बारीक फांद्या पसरून वर मातीचा थर देतात आणि ते पेटवतात. त्यानं तणाचं बी जळून जातं, राख मिळते आणि रोपं जोमानं येतात. म्हणजे बघा, ज्या झाडाच्या फांद्या राबाला जातात, ते झाडही शेताचाच भाग झालं की नाही?

पण इथं एक पेचही आहे. फांद्या दरवर्षी लागतात. झाडाला नवी पालवी फुटायला सवड मिळाली तर ठीक. नाही तर झाड खुरटतं आणि रान विरळ होतं. यावर एक तोडगा चारसूत्री भातशेतीत आहे. कृषिशास्त्रज्ञ डॉ. एन. के. सावंत यांनी ती विकसित केली. त्यात भाताच्या तुसाची राख आणि पेंढा पुन्हा शेतातच घालतात आणि बांधावर गिरिपुष्पाची झाडं लावून त्यांचा पाला खत म्हणून चिखलात तुडवतात. रोपं ठरावीक अंतरावर लावतात आणि खताच्या गोळ्या मुळांजवळ खोचतात, म्हणजे पावसानं खत वाहून जात नाही. पाला बांधावरच मिळाला की डोंगरावरच्या झाडांना जरा उसंत.

चौथी पायरी : हिरडा

आता खाचराच्या बांधावर, वरकसात, डोंगरात, जिथं तिथं दिसणारं एक झाड पाहा. ते हिरड्याचं. आजीच्या त्रिफळा चूर्णात आवळा आणि बेहड्याबरोबर जो असतो, तोच हा. कातडी कमावायलाही तो लागतो. उन्हाळ्यात पूर्ण वाढ होण्याआधीच त्याची कोवळी फळं उतरवतात आणि उन्हात वाळवून काळी कुळकुळीत करतात. हा बाळहिरडा. आंबेगाव आणि जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यातल्या घरांना रोख पैसे देणारं हे मोठं ‘पीक’ आहे. आणि पैसे येतात तेही नेमके पावसाळ्याच्या तोंडावर, जेव्हा बियाणं घ्यायचं असतं आणि मुलांच्या वह्या-पुस्तकांची यादी आलेली असते.

हिरडा मातीचं देणंही देतो. त्याची मुळं उतार धरून ठेवतात. सावलीत गुरं बसतात. पानं राबाला जातात.

पण हे झाड ‘शेत’ आहे की ‘रान’? हा प्रश्न कागदावर आला की किती नडतो, ते ३ जून २०२० रोजी कळलं. निसर्ग चक्रीवादळ कोकणातून घाट चढून वर आलं आणि हिरड्याची झाडं मोडली, फळं झडली. भाताचं किंवा द्राक्षाचं नुकसान झालं की पंचनामा होतो, भरपाई मिळते. हिरड्याचं काय? तो तर सरकारदरबारी वनोपज! आपल्या नुकसानीची दखल घ्यावी म्हणून इथल्या आदिवासींना पुढची काही वर्षं अर्ज करावे लागले, मोर्चे काढावे लागले. ज्या झाडावर घराचा निम्माअधिक रोख खर्च चालतो, ते झाड शेतात मोडत नाही असं म्हणणाऱ्या वहीतच काहीतरी चुकलेलं असणार.

पाचवी पायरी : देवराई

गावाजवळ भैरवनाथाची देवराई आहे. देवराई म्हणजे देवाच्या नावानं राखलेलं रान. तिथं कुऱ्हाड चालत नाही. उन्हातून आत पाऊल टाकलं की एकदम गार वाटतं. उंचच उंच झाडं, त्यांना वेढून वर गेलेले मनगटापेक्षा जाड वेल, आणि पायाखाली पानांचा ओलसर गालिचा. वर पाहिलंत आणि नशीब जोरावर असलं, तर शेकरू दिसेल. तांबूस पाठ, पिवळसर पोट आणि अंगाहून लांब झुपकेदार शेपटी. ही मोठी खार आपल्या महाराष्ट्राचा राज्यप्राणी आहे. जमिनीवर ती क्वचितच उतरते. तिला या झाडावरून त्या झाडावर उडी मारत जायला सलग रान लागतं. १९८५ मध्ये जाहीर झालेलं भीमाशंकर अभयारण्य तिच्यासाठीच ओळखलं जातं.

सह्याद्रीतल्या देवरायांचा शास्त्रीय अभ्यास माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या शास्त्रज्ञांनी १९७०च्या दशकात केला. आजूबाजूचं रान कोळशासाठी आणि लाकडासाठी तुटून गेलं, तरी देवरायांत जुनी झाडं, दुर्मिळ वेल आणि झरे टिकून राहिले, हे त्यांनी जगापुढे मांडलं.

‘छान आहे, पण याचा शेतीशी काय संबंध?’ असं कुणी म्हणेल. मग वरकसातली खुरासणी आठवा. पावसाळा सरताना तिची पिवळी फुलं उतारावर पसरतात. तिच्या काळ्या बियांचं तेल घरात खायला होतं, पेंड गुरांना जाते. पण खुरासणीची एक खोड आहे. तिचं फूल सहसा स्वतःच्याच झाडाच्या परागानं बी धरत नाही. एका झाडाचा पराग दुसऱ्या झाडावर पोचावा लागतो. तो कोण पोचवणार? मधमाश्या! आणि मधमाश्या राहतात कुठं? सातेरी माशी जुन्या झाडांच्या ढोलीत. आग्या माशी उंच झाडांच्या फांद्यांना नाही तर कड्याला. जुनी, ढोली असलेली झाडं कुठं उरली आहेत? देवराईत.

म्हणजे देवराई गेली तर मोहोळं कमी होतील, मोहोळं कमी झाली तर खुरासणीचं बी कमी भरेल, आणि बी कमी भरलं तर घरातलं तेल आणि गुरांची पेंड कमी होईल. देवाच्या नावानं राखलेलं रान असं थेट कढईपर्यंत येऊन पोचतं.

तर आता सांगा, आहुप्यातलं शेत कुठं संपलं?

दोन तालुके, दोन शेतं

कृषी विद्यापीठांच्या पुस्तकांत याला ‘एकात्मिक शेती’ असं नाव आहे. पीक, जनावरं, झाडं, मासे, मधमाश्या यांची अशी सांगड घालायची की एकाचा कचरा दुसऱ्याचं अन्न व्हावं आणि एक बुडालं तरी बाकीच्यांनी घर तारावं.

याचं मोल कळायला खाली पूर्वेकडे नजर टाकू. जुन्नर तालुक्यातल्या नारायणगावात टोमॅटोचा मोठा बाजार भरतो. २०२३ च्या जुलैत टोमॅटो शंभर रुपये किलोच्याही वर गेला होता, आठवतं? काही शेतकऱ्यांचं त्या वर्षी सोनं झालं. ते पाहून अनेकांनी टोमॅटो लावला. सप्टेंबरपर्यंत भाव इतका कोसळला की काहींनी माल रस्त्यावर ओतला. बागायतीत पैसा आहे, यात शंका नाही. पण मोठ्या शेतकऱ्याला एक वर्ष पचवता येतं, अर्ध्या एकरवाल्याला नाही.

याचा अर्थ आहुप्यात सगळं आलबेल आहे असा मुळीच नाही. घरात धान्य असलं तरी हातात पैसा कमी असतो. म्हणून भात काढून झालं की इथल्या डोंगरातली कितीतरी माणसं नारायणगावकडच्या मळ्यांत मजुरीला जातात. तिथं सकाळी मजुरांचाच बाजार भरतो. घरातली तरणी माणसं खाली गेली की तालींची डागडुजी करायला कोण राहणार? बैल गेले, पॉवर टिलर आला, तर शेण कुठून येणार? साखळीतली एक कडी निखळली की दुसरी सैल होते. ही शेती कुणाच्या तरी हातांवर उभी आहे, आणि ते हात घरी राहतील एवढं उत्पन्न तिनं दिलं पाहिजे.

एक चांगलं उदाहरण याच वाटेवर आहे. डिंभे धरणात ज्यांच्या जमिनी गेल्या, त्या आदिवासींपैकी अनेकांनी जलाशयात मासेमारी सुरू केली. ‘शाश्वत’ या संस्थेच्या मदतीनं त्यांनी सहकारी सोसायटी उभी केली आणि मासेमारीचा हक्क मिळवला. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात पिकंही घेतात. त्याला गाळपेर म्हणतात. ज्या पाण्यानं शेत बुडवलं, त्याच पाण्यातून थोडं शेत परत काढलं.

माळीण

आता एक जड गोष्ट. ती टाळून या डोंगरांबद्दल लिहिता येत नाही.

आहुप्याच्या याच पट्ट्यात माळीण नावाचं गाव होतं. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी, मुसळधार पावसात, गावामागचा डोंगर खचला आणि काही क्षणांत घरंच्या घरं चिखलाखाली गेली. नेहमीच्या फेरीवर आलेल्या एस. टी.च्या चालकाला गाव जागेवर दिसलं नाही, आणि त्यानं ही बातमी बाहेर पोचवली. दीडशेहून अधिक माणसं गेली. त्यांत तुमच्याएवढी मुलंही होती. पुढे २०१७ मध्ये जवळच नवं गाव वसवण्यात आलं.

डोंगर खचायला अतोनात पाऊस हे मोठं कारण होतं. पण उतारावरची झाडं कमी होणं, यंत्रांनी उतार कापून जमीन सपाट करणं आणि पाण्याच्या वाटा बुजणं, याचीही त्या वेळी बरीच चर्चा झाली. पडकई हातांनी होत असे तेव्हा काम सावकाश चालायचं. कुठं मुरूम आहे, कुठं झरा आहे, कुठल्या झाडाला हात लावायचा नाही, हे जुनी माणसं पाहून ठरवायची. यंत्र एका दिवसात डोंगर कापतं, पण त्याला झऱ्याची ओळख नसते. यंत्र वाईट असं नाही. ते चालवण्याआधी उतार, माती आणि पाणी यांचं शास्त्र विचारायला हवं. उतारावर मुळांनी माती धरून ठेवली, ताली शाबूत राहिल्या आणि पाण्याला वाट मिळाली, तर पीक मिळतं आणि खालचं गावही सुखानं झोपतं.

या मातीचं देणं दूरवर पोचतं. डिंभे धरण कुकडी प्रकल्पाचा भाग आहे. आहुप्याच्या डोंगरावरचं पाणी कालव्यांतून शिरूर, श्रीगोंदा, कर्जतकडे आणि थेट सोलापूर जिल्ह्यातल्या करमाळ्यापर्यंत जातं. इथली माती वाहिली तर ती धरणात गाळ होऊन बसते आणि करमाळ्याच्या शेतकऱ्याचं पाणी तेवढं कमी होतं. त्यानं आहुपे पाहिलेलं नसेल, पण त्याच्या शेताचा एक बांध इथं आहे.

तुम्ही जाल तेव्हा

आहुप्याला नक्की जा, पण थोडी पथ्यं पाळा. पावसाळ्यात कड्याच्या टोकाशी जाऊ नका. दगड निसरडे असतात आणि धुक्यात कडा कुठं संपतो ते कळत नाही. अतिवृष्टीचा इशारा असेल तर बेत पुढे ढकला. देवराईत चपला बाहेर ठेवा, गाणी लावू नका, फूल-पान तोडू नका. खाचराच्या बांधावरून चालताना एकामागून एक चाला, बांध ढासळवू नका. जेवण गावातल्याच एखाद्या घरी सांगा, आणि निघताना नाचणी, वरई किंवा हातसडीचा तांदूळ मिळाला तर योग्य पैसे देऊन विकत घ्या. घासाघीस करू नका. आवणी आठवा!

आणि एक काम. सुट्टीत आजोळी किंवा कुणाच्याही गावी गेलात, तर वहीच्या एका पानावर चार रकाने पाडा : शेत, बांध, गोठा, रान. घरात वर्षभर काय काय येतं, ते आजी-आजोबांना विचारून त्या त्या रकान्यात लिहा. जळणापासून औषधापर्यंत सगळं. मग त्यांना विचारा, त्यांच्या लहानपणी या रकान्यांत आणखी काय काय होतं. ते वेगळ्या शाईनं लिहा.

दोन्ही शायांची यादी शेजारीशेजारी ठेवून पाहा, आणि तो कागद आई-बाबांनाही दाखवा.